खालच्या मजल्यावरची पेज

बाबा एप्रिलमध्ये गेले, दुसऱ्या लाटेत, नागपूरच्या एका कोविड वॉर्डात. आई घरी विलगीकरणात होती, मी परदेशात, बुइटनव्हेल्डर्टमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि विमानं बंद. महापालिकेच्या माणसांनी नेलं, त्यांनीच अग्नी दिला. घरचं कुणी नव्हतं. जलदान विधी, पुण्यानुमोदन, सगळं झूमवर झालं. भंतेजींचा आवाज मधेच तुटायचा आणि कुणाचा तरी माइक चालू राहिल्याने कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या.

त्यानंतर मला बसवेना. ऑफिसच्या मीटिंगा मी कॅमेरा बंद ठेवून उभ्यानेच ऐकायची. पुसलेली कपाटं पुन्हा पुसायची. सायकल काढून निघायची आणि दोन सिग्नल गेल्यावर कुठे निघालेय तेच आठवायचं नाही. नवरा म्हणायचा, "जरा टेक गं." टेकलं की, बाबांनी शेवटी कुणाला हाक मारली असेल, हे डोक्यात सुरू व्हायचं.

तळमजल्यावर एक व्हिएतनामी आजी एकट्या राहायच्या. तरुणपणी होडीतून देश सोडून आलेल्या. एकदा आमचं पार्सल द्यायला वर आल्या आणि दारातूनच त्यांना भिंतीवरचा बुद्ध दिसला. "तूही बौद्ध?" त्यांनी डचमध्ये विचारलं आणि खूश होऊन माझा हात धरायला निघाल्या, मग कोविड आठवून मागे सरकल्या. ऑगस्टच्या पौर्णिमेला त्यांनी मला खाली बोलावलं.

स्वयंपाकघरात तांदळाची पातळ पेज शिजत होती. बाजूला मीठ, फुलं, उदबत्त्या. आजी म्हणाल्या, "या महिन्यात मेलेल्यांना घरी यायची मोकळीक असते. त्यांना जेवू घालायचं. तुझे वडील गेले ना? त्यांचं नाव लिहून दे." त्यांनी कागद-पेन पुढे केलं.

मी पेन हातात घेतलं आणि तशीच उभी राहिले. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा दर्शनी भिंतीवर होत्या. श्राद्ध नाही, पिंडदान नाही. काकांनी एकदा पितृपक्षात आजोबांच्या नावाने आमच्याच अंगणात गुपचूप पान वाढलं, तर बाबा वर्षभर त्यांच्याशी बोलले नव्हते. मोडक्यातोडक्या डचमध्ये मी म्हणाले, "आमच्या धम्मात हे नाही." आजींना कळेना. बौद्ध आहे आणि हे नाही?

"पाच मिनिटांत येते," म्हणत मी जिना चढले आणि आईला फोन लावला.

"काऊन गं, धापा का टाकतेस?"

मी सगळं सांगितलं.

"नाव देऊ नकोस," ती म्हणाली. "त्यांना आवडलं नसतं. पण काकांचा राग त्यांना आला होता तो आपल्या घरात झालं म्हणून. त्या बाईचं घर तिचं आहे. एकटी भांडी उचलत असेल तर हात लाव."

मी पुन्हा खाली गेले. "नाव नको, पण काम सांगा," म्हटलं. आजींनी वाद घातला नाही. पेजेने भरलेल्या वाट्यांचा ट्रे माझ्या हातात दिला. मागच्या छोट्या बागेत गवतावर एकेक वाटी ठेवताना मी विचारलं, "हे सगळं तुमच्या घरच्यांसाठी?"

"घरच्यांचं आत मांडलंय. हे बाहेरचं. ज्यांच्याजवळ शेवटी कुणीच नव्हतं, त्यांच्यासाठी." मग गवताकडे बघत म्हणाल्या, "माझा भाऊ होडीतून पडला. होडी थांबवता येत नव्हती."

मी ट्रे खाली ठेवला आणि तिथेच ओल्या गवतात बसून रडले. एप्रिलपासून पहिल्यांदा इतका वेळ एका जागी बसले. आजी दीड मीटरवर खुर्ची ओढून बसून राहिल्या. मग मी हळू आवाजात 'नमो तस्स'पासून त्रिसरण म्हटलं. 'नमो' ऐकताच त्यांनी मान वर केली. "आमच्यातही हेच म्हणतात," त्या म्हणाल्या.

आईला हे सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "भावाचं नाव काय त्यांच्या?" मी आजींकडून ते लिहून आणलं आणि आईला तीनदा म्हणून दाखवलं. त्या रविवारी विहार बंदच होतं. आईने गल्लीतल्या चार-पाच बायकांना गच्चीवर बोलावलं, वंदना घेतली आणि शेवटी आजींच्या भावाचं नाव घेऊन सगळ्या दोन मिनिटं उभ्या राहिल्या.

मी आजींना ते सांगायला गेले. ऐकून त्यांनी विचारलं, "नाव नीट घेतलं का त्यांनी?"

"बहुतेक नाही," मी म्हणाले.

त्या हसल्या आणि त्यांनी मला बसायला सांगितलं.