आधी जरा आवळ

गंजून बसलेला बोल्ट सुटत नसेल तर तुम्ही काय करता? जोर लावता ना? मीही लावला होता. म्हणून तर वकीलआप्पांविषयी लिहायचा मला अधिकार आहे.

वकीलआप्पा वडगावात आमच्या समोर राहायचे. आठवडाभर कोर्टात काळा कोट, आणि रविवारी जुनं बनियन घालून हिरव्या गाडीच्या बॉनेटखाली. ती गाडी त्यांनी कधी गॅरेजला दिली नाही. एखादा बोल्ट अडला की पाना लावून तो आधी किंचित आवळायचे. सोडवायच्या ऐवजी आवळायचे! मग तेलाचे दोन थेंब, मग चहा. "साक्षीदारावर ओरडलं की तो तोंड मिटतो," म्हणायचे. "आधी थोडं त्याच्या मनासारखं करायचं. मग बोलतोय की गडी."

माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांत गेलं. वडील छापायचे, मी वाटायचे. 'थांबा', 'बघू', 'पुढची तारीख' हे शब्द मला शिव्यांसारखे लागत. आप्पा मला नावानं हाक मारत नसत. "ये गं घोषणा, तो दहाचा पाना दे," म्हणायचे. मी चिडायचे आणि पाना द्यायचे.

त्या वर्षी ते निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायकांचा खटला लढत होते. बायका घरी बसून विड्या वळतात, म्हणजे त्या आमच्या कामगारच नाहीत, असं कारखानदाराचं म्हणणं. चाळीस चाळीस वर्षं बोटं झिजवलेल्या बायका, आणि कामगार नाहीत! मुख्य साक्ष तानूबाईंची. वय सत्तरीपुढचं, गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नव्हती. पहिल्या तारखेला त्या तापानं पडून होत्या. दुसऱ्या तारखेला "वकिलानं पाठवलीया" म्हणत एक परकी गाडी दारात आली आणि त्यांना कोर्टाऐवजी जोतिबाच्या डोंगरावर फिरवून संध्याकाळी घरी सोडून गेली. "देवदर्शन झालं, जेवान झालं, कोर्ट तेवढं ऱ्हायलं," तानूबाई म्हणाल्या. तिसऱ्या तारखेला आल्या नाहीत तर त्यांची साक्ष कायमची बंद होणार होती. त्यांचा निरोप आला, "हिरवी गाडी आली तरच बसीन. दुसऱ्या गाडीत पाय न्हाय ठेवायची."

आणि तारखेच्या आदल्याच दिवशी, रविवारी, हिरवी गाडी तापायला लागली. इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारा थर्मोस्टॅट अडकून बसला होता. तसंच रेटलं असतं तर निपाणीच्या वाटेवरच्या तवंदी घाटात इंजिन जळालं असतं. थर्मोस्टॅटवरचं झाकण दोन बोल्टांवर होतं. एक निघाला. दुसरा हलेना. आप्पांनी तो जरासा आवळला, तेल सोडलं आणि चहाला आत गेले. "हात लावू नको गं त्याला," जाता जाता म्हणाले.

तो चहा मला युगाएवढा वाटला. दारात बसून हिरव्या गाडीची वाट बघणाऱ्या तानूबाई डोळ्यांसमोर येत होत्या. मी पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली आणि सगळा भार टाकला. कट्! बोल्टचं डोकं माझ्या पायाशी पडलं.

आप्पा कपबशी घेऊन बाहेर आले. त्यांनी डोकं उचललं, निरखलं.

"झाली क्रांती?"

मला रडू कोसळलं.

"रडतीस कशाला? झाकण सुटलं की." त्यांनी अडकलेला थर्मोस्टॅट काढून टाकला. झाकण एका बोल्टवर बसवलं, दुसऱ्या बाजूनं तार आवळली. तुटलेल्या बोल्टचा नखभर तुकडा बाहेर राहिला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. "ह्याला आज घाई केली तर हाबी तुटंल. पाणी गळणार उद्या. तू कॅन भर. उद्या गाडीला पाणी पाजायचं काम तुझं."

सोमवारी पहाटे निपाणीला निघालो. दर थोड्या अंतरावर थांबायचं, इंजिन निवू द्यायचं, पाणी ओतायचं. येताना तानूबाई पुढच्या सीटवर, मांडीवर कॅन. घाटात गाडी पुन्हा थांबली तेव्हा म्हणाल्या, "वकीलसायेब, हिचंबी गुडघं गेल्यात व्हय?" आप्पा इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

आम्ही वेळेत पोचलो. तानूबाईंनी कोर्टापुढं दोन्ही तळवे धरले. "वास घ्या की सायेब. ह्यो तंबाकू काय मी कपाळाला लावाय आणती?"

त्यानंतर कारखान्याचा मुकादम उभा राहिला. या बाईला मी ओळखत नाही, म्हणाला. मला वाटलं, आता आप्पा तुटून पडतील. आप्पा त्याची स्तुती करायला लागले. विडी तपासण्यात तुमच्यासारखी नजर निपाणीत नाही म्हणे? मुकादम फुलला. "बांधणी बघून सांगतो साहेब, कुणी वळलीय ते." वा! कुणाची बांधणी चांगली? "तानूबाईची. हजारात ओळखीन."

आप्पांनी हळूच माझ्याकडं बघितलं. आधी जरा आवळ!

पुढचे तीन रविवार तुटलेल्या बोल्टचा तो तुकडा आम्ही तापवला, त्यावर मेणबत्ती टेकवली, मेण आत मुरू दिलं आणि थांबलो. तिसऱ्या रविवारी पकड आप्पांनी माझ्या हातात दिली. मी आधी आवळलं. मग उलटं फिरवलं. तुकडा लोण्यातून यावा तसा आला. "ठेव," आप्पा म्हणाले. "पत्रक लिहिताना समोर ठेव." ठेवलाय. मी मवाळ झालेली नाही. फक्त कुठं फिरवायचं ते आधी बघते.

बायकांच्या बाजूनं निकाल लागला तेव्हा आप्पा नव्हते. तानूबाईंनी विचारलं, "हिरव्या गाडीला सांगितलासा का?" पण गाडीही राहिली नव्हती. आप्पांच्या मुलांनी ती खानापूरकडच्या कुणाला तरी विकली होती.

ती गाडी आज तुमच्या अंगणात असेल, तर एक विनंती आहे. झाकणाचा डावीकडचा बोल्ट मी बसवलेला आहे. काढायची वेळ आली तर आधी जरा आवळा, मेण सोडा आणि एक चहा पिऊन या. आणि पुढची सीट रिकामी असेल त्या दिवशी, कोर्टाचा कागद हातात घेऊन रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एखाद्या म्हातारीला तिथं बसवा, आणि कोर्टाच्या दारापर्यंत नेऊन सोडा.