मुक्या पिक्चरची वाजंत्री

दुकानात गिऱ्हाईक कमी असलं की किस्से जास्त जमतात, हा माझा अनुभव आहे. आळेफाट्यावर माझं कॅसेटचं दुकान होतं, तेव्हा दुपारी एस.टी.ची वाट बघणारे आत यायचे, पंख्याखाली बसायचे आणि काही न घेता एखादा किस्सा ठेवून जायचे. कायमचे बसणारे दोघं. एक विलास, लग्नाचं शूटिंग करणारा. दुसरे दत्तोबा, तीस वर्षं तमाशात हलगी वाजवून घरी बसलेले. आमच्या तिघांच्या नावावर बरंच काही जमा आहे, पण सगळ्यात जास्त जमा झालं ते एका मुक्या पिक्चरपायी.

* * *

पिक्चर चार मिनिटांचा. येडगावच्या धरणावर असलेल्या एका इंजिनिअरसाहेबांनी तिथल्या जत्रेतली बैलगाड्यांची शर्यत छोट्या कॅमेऱ्यानं टिपली होती. आवाज नाही. वीसेक वर्षांनी साहेबांच्या मुलानं त्याची व्हिडिओ कॅसेट करून आमच्या गावच्या सावळेरामबाबांना पाठवली, कारण पळणारे बैल बाबांचे होते.

सुनेच्या खांद्यावर हात ठेवून बाबा दुकानात आले. तोवर त्यांचे डोळे पार गेलेले.

"शेठ, आपल्या जत्रंत समद्या गावाला दाखवायचं. पर मला दिसत न्हाई. मला ऐकू येईल असं कायतरी बसवा."

"म्हणजे संगीत?"

"ते तुमी बघा. मला बैलं दिसली पायजेत."

* * *

बाबा वीस वर्षं गावाला सांगत आले होते, की येडगावच्या शर्यतीत आपला गाडा पहिला आला. गावातलं कुणी तिथं गेलेलं नव्हतं, त्यामुळं हरकत घ्यायलाही कुणी नव्हतं.

आम्ही तिघांनी कॅसेट लावली. बैल सुटले. धुरळा, पळणारी माणसं, अर्धं अंतर एकदम झकास. मग बैल उजवीकडं वळले आणि गाड्यासकट बाभळीत शिरले. मागं एक धट्टाकट्टा गडी डोक्याला हात लावून उभा. सावळेरामबाबाच ते.

विलासनं तीनदा रिवाइंड केलं. "दर वेळी बाभळीतच जात्यात राव."

"मग? चौथ्यांदा सरळ जात्याल असं वाटतंय व्हय तुला?" दत्तोबा म्हणाले.

विलास म्हणाला, तेवढं कापून टाकू. पण कापलं तर पहिला नंबर तरी कुठं दिसणार? आता गाव बघणार आणि म्हाताऱ्याची भर जत्रेत शोभा होणार. शेवटी मी म्हणालो, आधी संगीताचं बघू, बाभळीचं मागनं बघू. अडचण पुढं ढकलावी तर व्यापाऱ्यानंच.

* * *

पहिल्या दिवशी विलासनं मारामारीच्या पिक्चरचं म्युझिक लावलं. बाबा कान देऊन बसले.

"दिसली का बैलं?"

"न्हाई. दोन फटफट्या दिसत्यात. एकीचा सायलेन्सर गेलाय."

दुसऱ्या दिवशी मंचरहून बँजो पार्टीची कॅसेट आणली. बाबांनी मांडीवर ताल धरला. मला वाटलं, जमलं.

"बैलं न्हाईत, नवरदेव दिसतोय," बाबा म्हणाले. "घोड्यावर हाय. पर मधी पोरं नाचत्यात, घोडं कसं पुढं जाईल?"

तिसऱ्या दिवशी बासरी. बाबा बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "दिसली."

आम्ही तिघंही उठून उभे राहिलो.

"चरत्यात. आता झाडाखाली बसली. रवंथ चाललाय."

"मामंजी," सून म्हणाली, "तुमाला झोप लागली व्हती."

* * *

चौथ्या दिवशी दत्तोबा घरून हलगी घेऊन आले. "कॅसेटीतनं बैलं निघत न्हाईत," म्हणाले आणि टीव्हीसमोर बसले.

बैल जुंपताना नुसती टिकटिक. बैल सुटले तशी हलगी सुटली. बाबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, दोन्ही पाय जमिनीवर आपटायला लागले. "पवळ्या, पुढं! पुढं हो, पवळ्या!"

तेवढ्यात पडद्यावर बाभूळ आली. दत्तोबांचा हात थांबला.

"का थांबला रं?"

"फिल्म तिथंच संपती, बाबा," मी म्हणालो.

बाबांनी हलगीच्या दिशेनं मान वळवली. "संपू द्या. तू शेवटच्या निशाणापत्तर वाजव."

बाबा गेल्यावर दत्तोबांनी नेहमीच्या विड्याच्या पानालाही हात लावला नाही. "शेठ, तीस वर्सं नाचणाऱ्या बाईच्या पायाकडं बघून वाजवलं. दिसतंय त्याच्या इरुद्ध कधी वाजवलं न्हाई."

* * *

जत्रेच्या दुपारी शाळेच्या वर्गात खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. हेडमास्तरांच्या टेबलावर माझा टीव्ही आणि व्हीसीआर. मावला तेवढा गाव आत, उरलेला दारात. पुढं फेटा बांधून बाबा.

दत्तोबा टीव्हीकडं पाठ आणि बाबांकडं तोंड करून बसले.

"आवं, पिक्चर तिकडं हाय," विलास कुजबुजला.

"तुझा तिकडं. माझा हिकडं."

आणि बाबांच्या पायांकडं बघत त्यांनी हलगी धरली. बैल सुटले, बाबांचे पाय सुटले, हलगी सुटली. पडद्यावर बैल बाभळीत शिरले. सगळ्या गावानं बघितलं. पण बाबांचे पाय थांबेनात, म्हणून हलगी थांबेना, ती थेट निशाणापर्यंत गेली आणि एका थापेत थांबली.

वर्गात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "सावळेरामबाबाचा गाडा, पहिला नंबर!" टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या, कुणी गुलाल उधळला. तो बाबांच्या फेट्यावर कमी आणि माझ्या व्हीसीआरमध्ये जास्त गेला. पुढचा आठवडाभर विलास त्याचं हेड पुसत होता.

गर्दी ओसरल्यावर बाबांनी चाचपडत दत्तोबांचा हात धरला.

"दत्तू, त्या वर्साला बाभळीत शिरली व्हती रं," ते म्हणाले. "आज सरळ गेली."