संपर्क तुटला

विद्यापीठाच्या संशोधन प्रदर्शनात माझं पोस्टर आरोग्यशास्त्राच्या पोस्टरशेजारी लागलं होतं. माझा विषय मराठीतला: माणूस मेला असं न म्हणता आपण काय काय म्हणतो. गेले, वारले, शांत झाले, देवाघरी गेले. शेजारी फुप्फुसाचे आजार आणि एक मोठा एक्स-रे. गळ्याजवळचं ते वाकडं जुळलेलं हाड मी लगेच ओळखलं. लग्नाआधी सायकलवरून पडले होते आमचे हे. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

का कोण जाणे, तिथल्या तरुण प्राध्यापिकेला मी विचारलं, “हे पेशंट आता कसे आहेत?”

“कल्पना नाही हो मॅडम. दुसऱ्या तपासणीला आलेच नाहीत. अशांना आम्ही ‘संपर्क तुटला’ म्हणतो.”

रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. पंख्याच्या वाऱ्याने एक्स-रेचा सुटलेला कोपरा फडफडत होता. तो मी बोटाने दाबून धरला. कागद गार होता.

वर्षभर भेटायला आलेल्यांनी मला माझ्याच पोस्टरवरचे शब्द ऐकवले होते. त्यातला एकही आत पोचला नव्हता.

“बरोबर आहे तुमचं,” मी म्हटलं. “तुटलाय.”