बैल पाहणाऱ्यांनी पाहिलेली सायकल

आमच्या गावात मोठी वस्तू एकट्यानं विकत घेत नसत. बैल असो, रेडिओ असो की लोखंडी कपाट, चार माणसं सोबत न्यायची आणि त्यांत बैलांचा जाणकार असायचाच. कपाटाचा आणि बैलाचा संबंध काय, हे विचारायची पद्धत नव्हती. मी विचारत असे. पण नव्वदच्या दशकातही मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत आमच्याकडे आली नव्हती.

मला सायकल हवी होती. सिंदेवाहीच्या कॉलेजात सकाळी पहिलंच प्रॅक्टिकल असे आणि आमच्या गावची एसटी ते संपल्यावर पोचे. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, असं सरांनी मला वर्गात उभं करून सांगितलं होतं. बाबांच्या जुन्या काळ्या सायकलवर दोनदा जाऊन पाहिलं. दोन्हीदा घामाघूम होऊन बंद दारापाशी पोचले. मग वाचनालयातली मासिकं चाळून मी ठरवलं: हलकी फ्रेम, अरुंद टायर, गिअर. चंद्रपूरच्या एका दुकानात तशी एक होती. कित्येक वर्षं खपली नव्हती, उन्हानं तिचा रंग उडाला होता, म्हणून नव्या गिअरवाल्यांहून स्वस्त. तरीही बाबांकडे पैसे होते त्याहून थोडी महागच. घंटी नको, स्टँड नको, कॅरिअर नको म्हणायचं आणि भाव उतरवायचा, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. बोलणी मीच करणार होते.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "भाऊले घेऊन जाऊ."

भाऊ म्हणजे गावचे बैलांचे पारखी. खांद्यावर लाल दुपट्टा टाकून ते दुकानात शिरले ते एखाद्या प्रदर्शनाचं उद्घाटन करायला आल्यासारखे. मागे दोन सोबती होते. त्यांचं काम मान डोलवायचं.

"हे कायची सायकल गा? शिंगं खाली लोंबून राह्यले."

"हँडल आहे ते, भाऊ. वाकून चालवली का वारा कमी लागते."

"पोरीच्या जातीनं कायले वाकून चालवावं?"

सोबती हसले. बाबा छताच्या पंख्याकडे पाहत राहिले. त्या दिवशी त्यांनी त्या पंख्याचा जितका अभ्यास केला तितका त्याच्या मालकानंही केला नसेल.

भाऊंनी टायर दाबला. "अंगात मासच नाई."

"रेसची आहे ते."

"कोनासंग रेस लावून राह्यली तू?"

"एसटीसंग."

यावर सोबत्यांना हसावं की नाही ते कळेना. भाऊंनी शेजारच्या काळ्या सायकलीच्या सीटवर थाप मारली. "हे पाय. याले म्हनते जनावर. पोते टाक, हूं का चूं नाई करनार."

"मले वह्या न्यायच्या आहेत, पोते नाई."

"वजनावर पाह्यल्याबिगर मी कोनतं जनावर घेत नाई," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. बैलबाजारात बैलबंडीची चाकं बांधतात आणि बैलाला ओढायला लावतात. ओढली तर बैल खरा. हाच कायदा सायकलीला लागू झाला. शेजारच्या किराणा दुकानातून तांदळाचा कट्टा, म्हणजे छोटं पोतं, आला आणि माझ्या सायकलीच्या चिंचोळ्या सीटवर आडवा पडला. दोघा सोबत्यांनी तो दोन बाजूंनी धरला. "नका करू," मी ओरडले. भाऊंनी मागून रेटा दिला. सायकल दुकानाच्या पायरीवरून उतरली, कट्टा कलला, मागचं चाक नालीच्या जाळीत शिरलं आणि ताटात ठेवलेल्या तळल्या पापडासारखं वाकडं झालं.

"पाह्यलं? मी काय म्हनलं होतं!"

मोडणाऱ्याचा चेहरा इतका समाधानी मी पुन्हा पाहिला नाही. नंतर बऱ्याच समित्या आणि सत्कार पाहिले, तरीही नाही.

दुकानदार गल्ल्यावरून धावत आला. "ये किसने किया? अब लेके जाना पडेगा!"

भाऊ शांतपणे पुढे झाले, दुपट्टा सोडला, दुकानदाराच्या हातावर टाकला आणि आतून त्याची बोटं धरली. बैलाचा भाव असाच, कापडाखाली बोटांनी ठरतो. दुकानदारानं झटका देऊन हात सोडवला. "क्या कर रहे हो, काकाजी?"

"भाऊ, ते जनावर नाई!" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा. "आन तोडली ते माही सायकल आहे. आता तुमी बोलू नका." मी दुकानदाराकडे वळले. "हीच घेतो. वाकड्या चाकासकट. भाव बोला."

त्यानं चाकाकडे पाहिलं, उडालेल्या रंगाकडे पाहिलं, मग आमच्या वरातीकडे. ही बला टळावी असं त्याला मनापासून वाटत असणार. त्यानं जो भाव सांगितला तो बाबांच्या खिशात बसणारा होता. बाबांनी पंखा सोडून पैसे काढले.

दुकानातल्या मिस्त्रीनं तारा ताणून चाक बऱ्यापैकी सरळ केलं. तरी ते मागच्या ब्रेकला घासायचं. मी त्या ब्रेकचे रबरी गट्टू काढून टाकले आणि फक्त पुढच्या ब्रेकवर वर्षभर कॉलेज केलं. प्रॅक्टिकलच्या वेळी दार उघडं असायचं. परीक्षेलाही बसले.

गावात मात्र वेगळीच हकिगत फिरत होती. "मी तोडून पाह्यली म्हनून भाव उतरला, नाई तं पोरीले कुठची सायकल," असं भाऊ पारावर सांगत. मला संताप येई, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं म्हणून जास्त येई. बाबाही मान डोलवू लागले होते.

पुढं शेजारच्या बाई शिलाई मशीन घ्यायला चंद्रपूरला निघाल्या. भाऊ दुपट्टा टाकून अंगणात हजर. मी बाईंना बाजूला घेतलं. "बाई, एकट्या जा. नाई तं मले न्या. भाऊले नका नेऊ, मशीनचा पार भुगा करतीन."

बाईंनी पिशवी खांद्याला लावली. "तुले सायकल सस्त्यात भेटली ना वो? मंग तू काऊन जळून राह्यली?"