उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न

उद्योगकाका बसमध्ये बसायचे नाहीत. सीट रिकामी असली तरी हे आपले दांडीला धरून मधल्या वाटेत उभे. बसलेच तर एक पाय हलतोय, बोटं पुढच्या सीटवर ताल धरताहेत, आणि आडगाव यायच्या आत पुन्हा उठून कोणाच्या तरी डोक्यावर उभे. यांना मुंग्या चावतात की काय, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. त्यांचं खरं नाव हजेरीपुरतंच होतं. "काय यांना नसते उद्योग!" असं रोज कोणी ना कोणी म्हणायचंच. त्यातला 'नसते' कधीतरी गळून गेला आणि उद्योगकाका राहिले.

आमची बस पंचवटीतून निमाणीवरून सुटायची आणि ओझरच्या कारखान्यात जायची. कंपनीच्या बसमध्ये सीटवर नाव नसतं, पण कुठली कोणाची ही काळ्या दगडावरची रेघ असते. डावीकडची मागची खिडकी माझी. चढायचं, कानात इयरफोन खुपसायचे, डोळे मिटायचे ते कारखान्याच्या गेटातच उघडायचे. घरी माणसांचा गलबला, ऑफिसात कामाची बोंबाबोंब. मधला हा तुकडा तेवढा माझा होता आणि तो मी कोणालाही देणार नव्हते.

एका सोमवारी काकांनी टाळी वाजवली. "चला, आज खिडकीवाल्यांनी आत यायचं, आतल्यांनी खिडकीत!" मी ऐकलंच नाही असं केलं. तर हे येऊन माझ्यापाशी उभे. "मॅडम, किती वर्षं बसलाय त्या सीटवर? उठा जरा, तिलाही हवा लागू द्या." सगळी बस फिदीफिदी हसली. मी उठले, पण माझं डोकं असं फिरलं होतं की पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. अर्थात त्याआधी तरी कुठे बोलत होते!

हे खूळ त्यांना कंपनीनेच लावलं होतं. सवयी कशा मोडायच्या, माणसांत कसं मिसळायचं, असलं काहीतरी प्रशिक्षण होतं. बाकीचे फुकटचं जेवण जेवून आणि डुलक्या काढून परत आले. काका मात्र ते सगळं मनावर घेऊन आले. मग काय, आज डाव्या हाताने दात घासा, उद्या घड्याळ दुसऱ्या मनगटात, परवा शेजाऱ्याशी डबा बदला. ते स्वतःही करायचे आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये जाहीर हिशेब घ्यायचे. "कोणी कोणी केलं? खोटं बोलू नका, मिशीला पेस्ट दिसतेय तुमच्या."

त्यांचा सगळ्यात आवडता उद्योग प्रश्नाचा. शेजारच्याला एक प्रश्न विचारायचा, पण ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असाच. 'काय म्हणता', 'झाला का चहा' बाद. "ज्याचं उत्तर माहितीये ते विचारणं म्हणजे नुसता आवाज काढणं," असं ते म्हणायचे. त्या आठवड्यात माझ्या शेजारी वेल्डिंगचे भामरे आले होते. सटाण्याकडचा माणूस, मान खाली घालून बसणारा. एकाच बसने वर्षानुवर्षं जात होतो, पण मला त्यांच्या डोक्याचा मागचा भाग तेवढा ओळखीचा. काका डोक्यावर उभे होते म्हणून नाइलाजाने मी विचारलं, "भामरे, रविवारी काय करता?"

भामरे लाजले. "मांडा करस," म्हणाले. "खापरवरना. बायको फक्त पुरण वाटस."

"तुम्ही स्वतः?"

"मंग! तिना फाटी जातस ना."

आणि सोमवारी खरंच त्यांनी फडक्यात गुंडाळून मांडे आणले. असे तलम मांडे मी जन्मात खाल्ले नव्हते. त्या दिवसापासून भामरे माझे भाऊ झाले, आणि कानातले इयरफोन पर्समध्येच राहायला लागले. काकांवरचा माझा राग मात्र गेला नव्हता. माझं काही चांगलं झालं आणि ते दुसऱ्यामुळे झालं, की मला जरा चिडचिडच होते.

पुढे काका निवृत्त झाले. निरोप समारंभाला काकू आल्या होत्या. शाल, श्रीफळ, भाषणं. एकेकजण उठून बसमधल्या गमती सांगत होता, हॉल हसत होता. मी काकूंच्या शेजारी होते. त्या हसत नव्हत्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "हे कोणाबद्दल बोलताहेत सगळे?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्या खरंच विचारत होत्या. "घरी आले की चहा, पेपर, बातम्या, जेवण. कप रोजच्या जागेवरून जरा सरकला तरी कपाळाला आठी. बोलणं म्हणजे 'मीठ' आणि 'पंखा'. मुलगा नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून तेवढंच. आणि उद्यापासून हे दिवसभर घरात! सगळा दिवस असा गप्प गेला तर मी कुठे जाऊ हो?"

पुढे काकांनी भाषणात सगळ्यांना शेजाऱ्याचा हात हातात घ्यायला लावला. काकूंचा हात मी धरला होता. बसभर लोकांना बोलतं करणारा हा माणूस घरी बायकोशी दोन शब्दांवर भागवत होता. मला असा संताप आला की घरी जाऊन मी विनाकारण भांडी आपटली. पुढचे काही दिवस ते डोक्यातून जाईना. शेवटी एका रविवारी भामऱ्यांना बरोबर घेतलं आणि पंचवटीतलं काकांचं घर गाठलं.

काका खुर्चीत होते. पाय हलत होता. रिमोटने चॅनेल बदलणं चाललं होतं, एकही धड बघत नव्हते. आम्हाला पाहून मात्र एकदम उजळले. "या, या! भामरे, तुम्ही तिकडे नको, इकडे बसा..."

"काका, आज उद्योग मी देणार," मी म्हटलं. "काकूंना एक प्रश्न विचारा. उत्तर ठाऊक नसलेला."

"हात्तिच्या! हिचं मला काय ठाऊक नाही?" ते हसले. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. "बरं. आज भाजी कसली?"

"वांगास्नी," भामरे म्हणाले. "वास येस ना काका. बाद."

"गुडघा कसा आहे?"

"दुखतोय," काकू म्हणाल्या. "गोळ्या तुम्हीच आणता."

"बाद," मी म्हटलं.

काका उठले. पंखा वाढवला, कमी केला. गॅलरीत जाऊन आले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. बसमध्ये ज्याला दर वळणाला नवीन प्रश्न सुचायचा, त्याला सुचत नव्हतं, आणि का सुचत नाही ते त्यांच्या लक्षात येत होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. उगाच आलो, असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात टीव्हीकडे बघतच ते म्हणाले, "मी कामावर असताना... दुपारची तू काय करायचीस?"

काकूंनी आमच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "रामकुंडावर जाते."

"रोज?"

"बहुतेक रोज. बाहेरगावचे लोक येतात, गोंधळलेले असतात. कुठे काय आहे ते सांगते, म्हाताऱ्यांना हात देते. तेलुगू लोक फार येतात. त्यांच्याशी बोलून बोलून आता मला येतं तेलुगू."

"तुला?"

काकूंनी पदराला हात पुसले आणि नवऱ्याकडे सरळ बघत विचारलं, "मीरु ए ऊरु नुंची वच्चारु?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे, तुम्ही कुठल्या गावाहून आलात?"

भामरे हसायला लागले होते, ते मधेच थांबले. काकांचा पाय हलायचा थांबला होता. मी त्यांना इतकं स्तब्ध कधीच पाहिलं नव्हतं. मग ते म्हणाले, "ओझरहून." आणि काकू हसल्या. त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

नंतर एकदा दुपारी मला दोघं घाटावर दिसले. काकू एका कुटुंबाला काहीतरी समजावत होत्या, आणि काका त्यांच्या सगळ्या पिशव्या खांद्यांना लटकवून, एवढासा चेहरा करून मागे उभे होते. मला बघून ओरडले, "मॅडम, हिने मला कामाला लावलंय!" मला इतका आनंद झाला की भर घाटावर डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासारख्या चिडक्या बाईला हे शोभत नाही, पण आलं.

वर्षही नीट मिळालं नाही त्यांना. एका सकाळी दूध आणायला गेले आणि वाटेतच कोसळले. मी भेटायला गेले तेव्हा काकू काकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. रडून झालं होतं. म्हणाल्या, "रोज एक प्रश्न विचारायचे हो. तुम्ही लावलेलं खूळ. त्या दिवशी पिशवी घेऊन दारात उभे राहिले नि म्हणाले, माझी एखादी तरी सवय तुला आवडते का गं? मी म्हटलं, विचार करून सांगते, आधी दूध आणा."

"उत्तर तयार होतं हो माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "म्हटलं, जरा वाट बघू दे."

मी त्यांचा हात धरला. विचारावं की नाही कळेना, पण काय उत्तर होतं ते विचारलं.

"बसमधून उतरले की त्या कोपऱ्यावर थांबायचे," खिडकीकडे बोट दाखवत काकू म्हणाल्या. "खिशातला कंगवा काढून केस नीट करायचे, आणि मगच घरी यायचे. मी इथून बघत असायचे. त्यांना कधीच कळलं नाही."