मेहुण्याचा हूक

१९ नोव्हेंबर, मंगळवार. नळाला पाणी कमी आले, कपडे दुपारी धुतले. समोरच्या बांधकामाचा चौथा मजला आता माझ्या गॅलरीच्या बरोबर समोर आला आहे. आज कठडेवाल्यांनी मुकादमाचे चहाचे टेबल जप्त केले. कारण समजले नाही.

कारण दुसऱ्या दिवशी समजले. टेबलाची फळी ही मुळात फळी नव्हतीच. स्लॅबमध्ये नळांसाठी ठेवलेल्या चौकोनी भोकावरचे ते झाकण होते. मुकादमाला ते आवडले, त्याने खिळे उपटून ते चार विटांवर मांडले आणि वर कपबशी ठेवली. भोक तसेच उघडे राहिले. कठडेवाले म्हणाले, "चहा खुशाल प्या, पण भोकाचं झाकण भोकावर असू द्या." झाकण परत ठोकले आणि त्यावर लाल रंगात लिहिले, "हे टेबल नाही."

कठडेवाले म्हणजे एकच गृहस्थ, आणि त्यांचे काम एवढेच. जिथून माणूस पडू शकेल अशा प्रत्येक कडेला कंबरेएवढा कठडा बांधायचा, मध्ये एक आडवी नळी, तळाशी फळी, म्हणजे पायाने उडालेली वीटसुद्धा खाली जाऊ नये. जिथे कठडा बांधता येत नाही तिथे कामगाराला पट्टा घालायचा आणि पट्ट्याच्या दोरीचा हूक पक्क्या कडीत अडकवायचा. डोक्यावरच्या हेल्मेटचा बंद ते इतका घट्ट आवळतात की सगळे बोलणे दातांतून येते. ही सवय कामापुरती राहिलेली नाही. बसच्या थांब्यावर ते फुटपाथच्या कडेपासून इतके लांब उभे राहतात की चालकाला वाटते हे कोणाची तरी वाट पाहत आहेत, आणि बस निघून जाते. घरी माळ्यापुढे दोरी आहे. पलंगालाही त्यांनी दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकल्या होत्या. त्यांची बायको माझे कपडे शिवते, तीच सांगत होती. "एक बाजू मी उपटून टाकली," ती म्हणाली. "मी काय खोक्यात झोपू?"

या बाईंचा धाकटा भाऊ त्याच बांधकामावर प्लॅस्टर करतो. त्याला सगळे हिरो म्हणतात, आणि त्याला ते पटलेलेही आहे. कामाला नेले तेव्हाच बाईंनी नवऱ्याला बजावले होते, "त्याला नुसतं खरचटलं तरी मला तोंड दाखवू नका. आणि त्याचं काम घालवलंत तरी दाखवू नका." म्हणजे मेहुण्याला ठेवायचे ते वर, आणि तेही पडू न देता. कठडेवाल्यांचा सगळा संसार त्या एका हुकाला लटकलेला होता.

आणि हिरो हूक अडकवत नसे. पट्ट्याने आपण पिशवीसारखे दिसतो असे त्याचे म्हणणे होते. शिट्टी वाजवत तो कडेवरून असा चालायचा की मला गॅलरीत बसून भाजी निवडणे जमेना. निवडलेली टाकली जाई आणि देठ पातेल्यात.

एके दिवशी त्याने पट्टा घातला. कठडेवाले खूश होऊन जवळ गेले.

"हूक?"

"अडकवलाय की, दाजी."

"कशाला?"

"मागे बघा."

कठडेवाले दोरीच्या मागे मागे गेले. दोरी सिमेंटच्या पोत्याला बांधलेली होती.

"हे तुला धरून ठेवणार?"

"पन्नास किलोचं आहे."

"आणि तू?"

"सत्तर."

"मग आधी तू जाशील, मागून पोतं येईल. खाली तुमची भेट होईल."

दुसऱ्या दिवशी हूक त्याच्या स्वतःच्याच पट्ट्यात होता. "स्वतःवर विश्वास पाहिजे, दाजी," तो म्हणाला. कठडेवाले मुकादमाकडे गेले. मुकादम टेबलाचा राग विसरला नव्हता. "भरभर काम करणारा तेवढा एकच आहे," तो म्हणाला, "आणि तो तुमचाच आहे."

पुढच्या आठवड्यात खिडक्यांच्या चौकटी दोराने वर ओढायच्या होत्या. त्यासाठी रस्त्याकडचा कठडा थोडा सोडावा लागला. तो कठडेवाल्यांनी स्वतः सोडला, आणि चौकटी आत येईपर्यंत स्वतःला कडीत अडकवून तिथेच उभे राहिले. मग कठडा पुन्हा बांधायला तार कमी पडली. तार आणायला ते खाली गेले. तिथे राखणीला कोणाला ठेवायचे ते मात्र विसरले.

नेमक्या त्याच वेळी बाई डबा घेऊन वर आल्या. हिरो डबा घरीच विसरला होता. कठडेवाल्यांची बायको म्हणून दारावर त्यांना कोणी अडवले नाही, फक्त हेल्मेट दिले. ते अंबाड्यावर झाकणीसारखे बसले होते. वर आल्यावर त्यांना मोकळी जागा दिसली आणि तिच्यातून पलीकडच्या गल्लीतली स्वतःची गच्ची दिसली. त्या सरळ कडेपर्यंत गेल्या. पायाची बोटे बाहेर.

मी गॅलरीत उभी होते. ओरडले तर त्या दचकतील, म्हणून पदर तोंडात धरला.

"ताई," हिरो म्हणाला. तो पोत्यावर बसला होता.

"थांब रे. ती निळी चादर दोरीवर दिसत नाही." आणि त्या आणखी वाकल्या.

जिन्यात कठडेवाले आले होते, हातात तारेचे भेंडोळे. इतकी वर्षे सगळ्यांना सूचना देणाऱ्या माणसाच्या तोंडून फक्त "अगं" एवढेच निघाले, तेही अगदी हळू.

हिरो उठला. दोन पावले धावला. मग थांबला, मागे वळला, कठडेवाल्यांनी खांबात बसवलेल्या कडीत हूक अडकवला, दोनदा ओढून पाहिला आणि मगच पुढे जाऊन बहिणीचा दंड धरला.

"मागे ये, ताई."

"सोड, बाही उसवेल. मी पडते आहे का?"

"कडेला उभं राहतात का असं?"

"तू रोज राहतोस म्हणे."

"मला सवय आहे."

"मलाही झाली असती. तू ओढलंस."

त्याने तिला पार जिन्यापर्यंत ओढत आणले. तिथे दोरी संपली म्हणून तो थांबला, नाहीतर घरापर्यंत नेली असती. कठडेवाले भिंतीला टेकून खाली बसले होते. तिथूनच त्यांनी विचारले, "हूक का अडकवलास?"

"मीच गेलो असतो तर हिला कोणी धरलं असतं?"

कठडेवाले उठून हुकाजवळ गेले. मग म्हणाले, "एकदा काढून पुन्हा लाव. नीट बघू दे." हिरोने खरेच लावून दाखवला.

"आणि कठडा उघडा कोणी ठेवला होता?" बाईंनी विचारले.

"मी," कठडेवाले म्हणाले.

"घरी या, मग बोलू."

दाजी-मेहुण्यांनी आधी कठडा बांधला, मग डबा उघडला. संवाद एवढा मोठ्याने चालला होता की मला गॅलरीतून हलावे लागले नाही. उरलेले बाईंनी माप घ्यायला आल्यावर सांगितले. त्या रात्री घरी तासभर बोलणी खाल्ल्यावर कठडेवाल्यांनी नवा नियम केला: कठडा सोडला की कोणीतरी हूक लावून तिथेच थांबायचे, तार संपली तरी आणि जेवण गार झाले तरी. राखणीला त्यांनी हिरोलाच नेमले. आता कोणी कडेजवळ आले की तो दातांतून बोलतो, "मागे. हूक कुठे आहे?" परवा मुकादमालाच अडवले. मुकादम म्हणाला, "अरे, मी मुकादम आहे." हिरो म्हणाला, "वजन किती?"

शिट्टी मात्र तो अजून वाजवतो. सूर सापडलेला नाही.

संध्याकाळी रोजनिशीत लिहिले: गॅलरीच्या दाराला तेल घातले. माझ्या निळ्या पोलक्याची बाही अर्धा इंच सैल करायला दिली.