बदाम कोण टाकतं?

धम्मानंद सरांना एखादी गोष्ट कळली नाही तर त्यांना घास गोड लागत नाही, असं त्यांची बायको म्हणते, आणि ती काही खोटं बोलत नाही. नांदेडहून सकाळच्या गाडीनं उमरीला उतरायचं आणि स्टेशनबाहेर लावलेली मोटारसायकल काढून वाडीच्या शाळेत जायचं, एवढाच त्यांचा रोजचा प्रवास. पण तेवढ्यात अर्ध्या डब्याच्या सोयरिकी त्यांना तोंडपाठ झालेल्या. हा माणूस पोलिसातच जायचा, चुकून मास्तर झाला. वाडीच्या शाळेचं नशीब, दुसरं काय.

शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाड्या वाडीत यायला लागल्या आणि पट गळू लागला. तेव्हा सरांनी फेसबुकवर शाळेचं पान उघडलं. पाढे म्हणणारी पोरं, परसबागेतला दोडका, वार लावून वर्ग झाडणारी चौथी, जे दिसेल ते टाकायचे. हळूहळू पुण्याला, हैदराबादला कामाला गेलेली वाडीची माणसं ते बघू लागली. जाहिरातीनं होत नाही ते दोडक्यानं झालं. पिवळ्या गाडीतली काही पोरं उतरून परत आली.

आणि मग त्या पानावर एक पाव्हणा आला. नाव ‘दिलदार राजा’. फोटोत काळा गॉगल लावून बुलेटवर रेललेला एक गडी. तिसरीचा फोटो पडला की याचा लाल बदाम आलाच म्हणून समजा. बाकीच्या वर्गांचे कितीही फोटो टाका, तिकडे हा फिरकत नसे. फक्त तिसरी.

आयांच्या मनात पाल चुकचुकली. "सर, ह्यो कोन हाय? आमच्या पोरींचे फोटू का बघून राहिला?" असं शाळेच्या बैठकीत एकीनं विचारलं, आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. त्यांचं काय चुकलं? दिवसच असे आहेत. मुख्याध्यापिका मॅडमनी निकाल दिला.

"सर, आजच्या आज त्याला बंद करा. नाहीतर पोरींची नावं काढून नेतील लोक."

"करतो मॅडम," सर म्हणाले. बोट त्या बटणावर नेलंसुद्धा, पण दाबवेना. भीती त्यांनाही वाटत होती, पण त्याहून मोठा त्यांचा तो जुना आजार. कोण आहे हा? आणि तिसरीतच याचं काय ठेवलंय?

मधल्या सुट्टीत ते लिंबाखाली बसून त्या गॉगलवाल्याचं पान खालपर्यंत चाळत गेले. बुलेट, वाढदिवसाचा केक, मिरवणुकीतला नाच. पण हे सगळं जुनं. अलीकडे स्वतःचं काहीच नाही, नुसते शाळेला बदाम. जत्रेत नाचणारा गडी एकदम शाळेला कसा लागला? सरांनी ‘आपण कोण?’ असं लिहून पाठवलं. पाहिल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. शेवटी त्यांनी मेसेंजरवरूनच सरळ फोन लावला. गॉगलवाल्याशी दोन हात करायचेच म्हणून आवाज जरा जाड केला.

"हॅलो! कोण बोलून राहिलंय?"

पलीकडे सिमेंट कालवायच्या यंत्राची घरघर, आणि बाईचा घाबरलेला आवाज. "सर? तुम्ही शाळेतले सर का? मी उज्वला. हरिओमची माय."

सरांचा जाड आवाज कुठल्या कुठे गेला. हरिओम तिसरीतला, आजीजवळ राहणारा. आईबाप हैदराबादला इमारतीच्या कामावर, हे त्यांना ठाऊक होतं.

"ताई, तुमचं नाव इथं दिलदार राजा दिसून राहिलंय की!"

"अगं माय! कोनाचं नाव म्हणता?" ती आधी दचकली, मग खुदकन हसली. हळूहळू उलगडा झाला. फोन तिनं दुकानातून जुना घेतलेला. आत आधीच्या मालकाचं सगळं तसंच चालू. तिला वाटलं, फोन असाच येत असेल, गॉगलवाल्या माणसासकट. वाचता येत नव्हतं. वाडीच्याच एका बाईनं शाळेचं पान लावून दिलं आणि बदाम कुठं दाबायचा ते दाखवलं. पोरगं दिसलं की ती बदाम दाबायची. सासूकडे बटणाचा फोन, त्यात आवाज येतो, पोरगं दिसत नाही.

सरांना स्वतःचीच लाज वाटली. ते म्हणाले, "बघत जा ताई. मी मॅडमना अन् सगळ्या आयांना सांगतो."

"सर, एक सांगू का? रागावू नगा." ती अडखळली. "पोराचा एक फोटू चपला घालून काढा की. दसऱ्याला मी त्याला चपला धाडल्या. फोनवर विचारलं तर म्हणतो, हाव, बराबर बसल्या. पन एका बी फोटूत त्याच्या पायात न्हाईत. सगळ्या फोटूत पोरगं अनवाणी. मला रातंदिस तेच."

वर्गात चपला घालून कुणी बसत नाही, सगळ्यांच्या बाहेर ओसरीत असतात. हे सरांना इतकं अंगवळणी पडलेलं की फोटोत पाय अनवाणी दिसतात हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी तिला समजावलं, आणि आजच फोटो पाठवतो म्हणून सांगितलं.

हरिओमला ओसरीत बोलावलं. "तुझी माय आपले फोटो बघते रे. तुझ्या चपला बघायच्यात तिला. घाल बरं."

"माय बघती?" पोरगं फोनकडेच बघत राहिलं. मग त्यानं ढिगातून निळ्या पट्ट्याच्या चपला ओढल्या आणि घातल्या. मायनं गावातून निघतानाचा पाय मनात धरून माप घेतलं होतं. पाय काही तिच्यासाठी थांबला नव्हता. दोन्ही टाचा चपलेच्या मागे, सरळ जमिनीवर.

सर पडले मास्तर. सगळं नीट दिसावं म्हणून बाजूला सरकून फोन खाली धरला.

"बाजूनं नगा, सर," हरिओम घाईनं म्हणाला आणि त्यांच्याकडे तोंड करून ताठ उभा राहिला. "म्होरून काढा. म्होरून बराबर दिसतेत."

सर ओसरीत गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी फोटो समोरून काढला.